‘हेवी मेटल’ कसा बघावा : एका क्लीन-अप आर्टिस्टच्या वहीतून

‘हेवी मेटल’ हा ॲनिमेशन सिनेमा मी पहिल्यांदा बघितला तेव्हा अर्ध्यातच उठले होते. त्या वेळी मी एका ॲनिमेशन स्टुडिओत क्लीन-अपला होते. ॲनिमेटरच्या कच्च्या, खोडाखोड केलेल्या पेन्सिल रेघांच्या जंजाळावर कोरा कागद ठेवायचा, खालून लाइट लावायचा आणि त्या दहा रेघांतून एकच खरी रेघ काढायची, हे दिवसभराचं काम. शिफ्ट संपल्यावर एका सहकाऱ्याच्या छोट्या मॉनिटरवर आम्ही चौघं बसलो. चाळिसेक मिनिटांनी, ‘डेन’ नावाचा भाग संपता संपता, मी बॅग उचलली. गोष्टीला ना बूड ना शेंडा, एका भागातलं पात्र पुढच्या भागात दिसत नाही, आणि बायका जिथेतिथे कपड्यांवाचून.

दुसऱ्या दिवशी आमच्या सिनियर ॲनिमेटर सरांनी विचारलं, “कुठवर बघितलास?” मी सांगितलं. ते म्हणाले, “तू गोष्ट शोधत बसलीस. रेघ बघितलीस का?”

नव्हती बघितली. त्यानंतर हा सिनेमा मी बऱ्याचदा बघितला आहे. कधी तुकड्यातुकड्यांनी, कधी आवाज बंद करून, कधी नुसता ऐकत. ज्यांना मी तो दाखवते त्यांना आधी चार गोष्टी सांगते, त्या इथे लिहिते.

आधी हे पक्कं करा की हा सिनेमा मुलांसाठी नाही. ॲनिमेशन आहे म्हणून घरातली लहान मुलं शेजारी येऊन बसतात, तसं इथे होऊ देऊ नका. नग्नता आहे, रक्त आहे, अंमली पदार्थ आहेत, आणि शेवटच्या भागात एका स्त्रीला चाबकाने मारण्याचा प्रसंग आहे. अमेरिकेत तो ‘आर’, म्हणजे मोठ्यांसाठीच्या, प्रमाणपत्रानेच लागला होता.

दुसरं, हे एक मासिक आहे असं समजून बसा. ही नुसती उपमा नाही. १९७४ च्या अखेरीस फ्रान्समध्ये ज्यां जिरो ऊर्फ मोबियस, फिलिप द्रुइये, ज्यां-पिएर दिओने आणि बर्नार फार्कास यांनी एकत्र येऊन ‘मेताल युर्लां’ हे चित्रकथांचं मासिक काढलं. मोठ्यांसाठीच्या विज्ञानकथा आणि अद्भुतकथा, चित्रकाराला हवं ते काढायची मोकळीक, आणि चित्र असं की एका पानावर पंधरा मिनिटं रेंगाळावं. १९७७ मध्ये त्याचीच अमेरिकी आवृत्ती ‘हेवी मेटल’ नावाने सुरू झाली. तिचे प्रकाशक लेनर्ड मोगेल आणि कॅनडाचे निर्माते आयव्हन राइटमन यांनी मिळून त्या मासिकाचा सिनेमा केला. दिग्दर्शनाची सूत्रं जेराल्ड पॉटरटन यांच्याकडे होती, पण प्रत्येक भागाला वेगळा दिग्दर्शक होता आणि कामही वेगवेगळ्या स्टुडिओंमध्ये वाटून दिलं होतं. ७ ऑगस्ट १९८१ ला तो अमेरिकेत प्रदर्शित झाला.

मासिकाच्या अंकात पान १२ वरची कथा पान ४० वर पुढे चालू राहिली नाही म्हणून आपण चिडत नाही. इथेही चिडू नका. भागांना जोडायला एक हिरवा चमकता गोळा आहे, लॉक-नार. तो स्वतःला साऱ्या दुष्टपणाची बेरीज म्हणवतो आणि ग्रिमाल्डी नावाच्या अंतराळवीराच्या मुलीला गोष्टी सांगतो. ही जोडणी कच्ची आहे, हे मान्य करूनच पुढे जायचं. कुठे तो पुरातत्त्वाचा ठेवा, कुठे हातात मावणारी गोटी, कुठे डोंगराएवढा. तो प्रत्येक वेळी काय करतो याचा हिशेब मांडू नका, फक्त तो हिरवा रंग कुठे कुठे शिरतो ते बघा. रंगाच्या बाबतीत तो गोळा इमानदार आहे. जिथे तो असतो तिथे चेहऱ्यांवरचा, भिंतींवरचा प्रकाश बदलतो, आणि हाताने रंगवलेल्या कामात हे करायचं तर त्या प्रसंगासाठी वेगळे रंग घोटावे लागतात.

आता बसायचं कसं. सलग बघू नका. एकूण दीड तासाच्या आतला सिनेमा आहे, म्हणून एका दमात संपवावासा वाटतो, पण सहा-सात वेगवेगळ्या हातांचं काम एकावर एक आलं की डोळा थकतो आणि मग सगळंच सारखं दिसायला लागतं. मी ‘कॅप्टन स्टर्न’ हा भाग संपल्यावर थांबायला सांगते. त्याला कारणही आहे. तिथे मुळात ‘नेव्हरव्हेअर लँड’ नावाचा आणखी एक तुकडा होता, लांबी आवरण्यासाठी तो काढून टाकला. नंतर निघालेल्या डिस्कवर तो जोडीला दिलेला असतो. तुमच्याकडे असेल तर मध्यंतरात तो बघा, मग दुसऱ्या दिवशी ‘बी-१७’ पासून पुढे. कॉपी अधिकृत आणि चांगली घ्या. मी पहिल्यांदा बघितली ती कॉपी इतकी अंधारी होती की निम्मी चित्रं मला दिसलीच नव्हती, आणि माझ्या त्या पहिल्या चिडचिडीत तिचाही वाटा होता.

सुरुवातीचा तुकडा, ‘सॉफ्ट लँडिंग’, फार तर दोनेक मिनिटांचा. अंतराळयानाच्या पोटातून एक उघडी कॉर्व्हेट गाडी बाहेर पडते, आत अंतराळवीर, आणि ती वातावरण कापत सरळ पृथ्वीवर उतरते. बस, एवढंच. याची कल्पना डॅन ओ’बॅनन यांची, ज्यांनी १९७९ चा ‘एलियन’ लिहिला. हा तुकडा तुम्हाला आवडला तर पुढचा सिनेमा तुमचा आहे. ‘का?’ असा प्रश्न पडला तर अजून एकदा लावा, आणि या वेळी फक्त गाडी हवेत शिरते तेव्हा तिच्या पोटाखाली पेटणारा रंग बघा.

‘हॅरी कॅनियन’ हा २०३१ सालच्या न्यूयॉर्कमधला टॅक्सीवाला. यातली गोष्ट मला बेताचीच वाटते, ती मासिकातूनही आलेली नाही, पटकथालेखक डॅनियल गोल्डबर्ग आणि लेन ब्लम यांनी सिनेमासाठीच लिहिली. पण शहर बघा. मागची पात्रं, दुकानांच्या पाट्या, रस्त्यावरची घाण. हे सगळं बॅकग्राउंड रंगवणाऱ्यांचं राज्य आहे. एखादी फ्रेम थांबवा आणि हॅरीकडे न बघता कोपरे बघा. मी असं केलं तेव्हा मला पहिल्यांदा कळलं की या भागाचा नायक टॅक्सीवाला नाहीच.

‘डेन’पाशी मात्र जरा मुक्काम करा, कारण काय जमलं आणि काय निसटलं ते इथे एकदम समजतं. रिचर्ड कॉर्बेन यांचा हा मानसपुत्र. किडकिडीत मुलगा डेव्हिड, त्याच्या दगडांच्या संग्रहातला एक हिरवा दगड, विजांचं वादळ, आणि तो थेट दुसऱ्या जगात टक्कल पडलेला, पहाडासारखा पुरुष होऊन उभा राहतो. डेनचा जन्मही सिनेमातच झाला होता. १९६८ मध्ये कॉर्बेन यांनी स्वतःच ‘नेव्हरव्हेअर’ हा लघुपट केला होता, त्यातून पुढे चित्रकथा आली. त्या जगातल्या देवाचं नाव ऐकाल, ते भयकथाकार लव्हक्राफ्ट यांच्या कथुल्हू या राक्षसी देवाच्या नावाची अक्षरं उलटी लिहून केलेलं आहे.

एक प्रयोग करा. कॉर्बेन यांच्या मूळ चित्रकथेतलं ‘डेन’चं एखादं पान मिळवा आणि सिनेमातली तशीच फ्रेम शेजारी ठेवा. कॉर्बेन छपाईसाठी रंगांचे थर हाताने वेगवेगळे तयार करायचे, त्यामुळे कागदावरचं शरीर आतून दिवा लावल्यासारखं उजळतं. दंडाच्या गोलाईवर हात फिरवावासा वाटतो. सेल ॲनिमेशनमध्ये हे करता येत नाही. पारदर्शक सेलच्या एका बाजूला रेघ, दुसऱ्या बाजूला सपाट रंग, एका सेकंदाला बारा किंवा चोवीस चित्रं. त्या वेगात प्रत्येक दंडाची गोलाई रंगवायला एक आयुष्य पुरणार नाही. म्हणून सिनेमातला डेन सपाट आहे. पहिल्यांदा मी याला वाईट काम म्हटलं होतं. आता तिथे मला दिसतं की सावलीचा एक टप्पा, फक्त एकच, कुठे तोडायचा हे ठरवून कुणीतरी ते शरीर उभं ठेवलंय. आणि जॉन कँडी या विनोदी नटाचा आवाज! आत अजून तोच बावरलेला पोरगा आहे, हे त्या आवाजाने धरून ठेवलंय. मी उठून गेले होते ते नेमकं याच भागात, हे आता आठवलं की वाईट वाटतं.

‘कॅप्टन स्टर्न’ बर्नी राइटसन यांच्या चित्रकथेवरून आलेला. अंतराळातल्या कोर्टात आरोप वाचले जातात: १२ खून, १४ सशस्त्र चोऱ्या, २२ चाचेगिरीचे गुन्हे, असं करत करत शेवटी वाहतुकीचा एक नियम मोडल्याचा. पुढे काय होतं ते सांगत नाही. यात साक्षीदाराचं अंग फुगत जातं ती चित्रं सावकाश बघा, एका चित्राचं दुसऱ्या चित्रात ताणलं जाणं म्हणजे काय, ते तिथे उघडं दिसतं. ‘सो ब्युटिफुल अँड सो डेंजरस’ हा सिनेमात ‘बी-१७’ नंतर येतो, तो अँगस मॅकी यांच्या चित्रकथेवर बेतलेला आहे. त्यातला विनोद शिळा झालाय आणि बाईकडे बघण्याची नजर मला खटकते, पण ते प्रचंड यान जेव्हा येतं तेव्हा त्याच्या अंगावरचा तपशील बघून घ्या आणि पुढे चला.

‘बी-१७’ साठी खोलीतला दिवा बंद करा. दुसऱ्या महायुद्धातलं बॉम्बर विमान, गोळ्यांनी चाळण झालेलं, आत बाकी सगळे मेलेले, वैमानिक आणि सहवैमानिक तेवढे जिवंत. हिरवा गोळा विमानात शिरतो आणि मेलेले उठतात. कथा पुन्हा ओ’बॅनन यांची. १९५० च्या दशकातल्या अमेरिकी भयचित्रकथा ज्यांनी चाळल्यात त्यांना घराण्याची ओळख लगेच पटेल. तुम्ही बघायचं ते विमानाचं वजन. नुसत्या अंदाजाने काढलेलं विमान वळताना पंखांची लांबी चुकते, धड लवचीक वाटतं, आणि प्रेक्षकाला कारण कळत नसलं तरी भीती पातळ होते. इथे विमानाची सुमारे १० फुटांची प्रतिकृती बनवून तिचं चित्रीकरण केलं आणि त्यावरून चित्रं काढली. म्हणून ते आकाशात लोखंडासारखं जड तरंगतं. मग त्या खऱ्या वाटणाऱ्या लोखंडाच्या आत खरी न वाटणारी माणसं उठतात. मी हा भाग विद्यार्थ्यांना दाखवते तेव्हा मध्येच थांबवून विमानाच्या नाकाची रेघ ट्रेस करायला लावते. ती कुठेही डळमळत नाही. प्रेतांची मात्र थरथरते.

आता ‘तार्ना’. सगळ्यात लांब आणि शेवटचा भाग. रानटी टोळ्या शहर कापून काढतात, म्हातारे पंच शेवटच्या श्वासात तारक वंशाला हाक घालतात, आणि त्या वंशातली शेवटची योद्धी एका मोठ्या पक्ष्यावर बसून येते. ती संपूर्ण भागात एक शब्द बोलत नाही. याचं मूळ मोबियसच्या ‘आर्झाक’मध्ये शोधा. पंखवाल्या प्राण्यावर बसलेला एकटा स्वार, ओसाड प्रदेश, आणि पानंच्या पानं एकही संवाद नाही. ती चित्रकथा आधी चाळलीत तर तार्नाचं मौन रिकामं वाटणार नाही.

तार्ना रोटोस्कोप करून काढलेली आहे. टोरंटोच्या एका मॉडेलला घेऊन हालचालींचं चित्रीकरण केलं आणि त्या फिल्मवरून एकेक फ्रेम कागदावर उतरवली. मॅक्स फ्लायशर यांनी या तंत्राचं पेटंट १९१७ मध्ये मिळवलं, म्हणजे युक्ती जुनीच. बरेच जण रोटोस्कोपला नक्कल म्हणून नाक मुरडतात. मी स्वतः ते काम केलंय, म्हणून सांगते, फिल्मवरची प्रत्येक कडा जशीच्या तशी उचलली तर रेघ उकळते, म्हणजे चित्रागणिक थोडी थोडी सरकून सतत वळवळत राहते. कुठली कडा घ्यायची आणि कुठली सोडायची हे हाताला ठरवावं लागतं. तार्ना तलवार घेते, पट्टे बांधते तो प्रसंग आवाज बंद करून दोनदा बघा. पहिल्यांदा तिच्याकडे बघाल, ते साहजिक आहे आणि सिनेमा तुम्हाला तेच करायला लावतो. दुसऱ्यांदा फक्त वजन बघा: भार एका पायावरून दुसऱ्यावर जातो तेव्हा आधी कंबर सरकते आणि खांदा क्षणभर मागे राहतो. मनाने काढणारा हा उशीर सहसा विसरतो. खऱ्या शरीराला तो चुकवता येत नाही.

आणि हो, तिला एवढे कमी कपडे का, हा प्रश्न मलाही पडतो आणि दर वेळी पडतो. चाबकाचा तो प्रसंग मी आता न बघता पुढे सरकवते. ज्या मासिकाने चित्रकारांना मोकळं रान दिलं त्याच मासिकाच्या वाचकवर्गाने, जो बहुतांशी तरुण पुरुषांचा होता, त्या रानाची एक वाट अशी पाडली. हे बघताना मनात खटकू द्या. खटकलं म्हणून रेघ खोटी ठरत नाही, आणि रेघ चांगली म्हणून खटकणं चुकीचं ठरत नाही. मी दोन्ही घेऊन बघते.

चित्रं बघून झाली की एकदा सिनेमा ऐका. पडद्याकडे पाठ करून. गाण्यांमध्ये ब्लॅक सॅबथ, ब्लू ऑयस्टर कल्ट, चीप ट्रिक, डिव्हो, सॅमी हेगर, स्टिव्ही निक्स अशी मंडळी आहेत. रानटी टोळ्या चालून येतात तेव्हा ब्लॅक सॅबथचं ‘द मॉब रूल्स’ वाजतं, तेवढं एक तरी मोठ्या आवाजात हवंच. ‘व्हेटरन ऑफ द सायकिक वॉर्स’ हे ब्लू ऑयस्टर कल्टचं गाणं लिहिण्यात मायकल मूरकॉक हा कादंबरीकार सहभागी आहे, शब्द नीट ऐका. याच बँडने तार्नाच्या भागासाठीही एक गाणं केलं होतं, पण त्यात सगळी गोष्टच सांगून टाकलेली असल्यामुळे ते घेतलं नाही.

पण नावावरून नुसतं गिटार अपेक्षित धरून बसलात तर एल्मर बर्नस्टीन यांचं पार्श्वसंगीत हातचं जाईल. ‘द मॅग्निफिसंट सेव्हन’ला संगीत देणारे हे तेच. पूर्ण वाद्यवृंद, गायकवृंद, आणि मधून एक आवाज येतो जो बाईच्या गळ्यातून निघाल्यासारखा वाटतो पण त्याला श्वास नसतो. ते ओंद मार्तनो. मोरिस मार्तनो यांनी १९२८ मध्ये लोकांसमोर आणलेलं विजेवर चालणारं वाद्य, बोटात अंगठी अडकवून तारेवरून सरकवायची आणि सूर मींड घेत जातो. न बोलणाऱ्या तार्नाला आवाज आहे तो हा. मला हे कळायला पाचव्या-सहाव्या वेळेपर्यंत थांबावं लागलं, तुम्ही पहिल्याच वेळी कान तिकडे ठेवा.

या गाण्यांनीच सिनेमाला अडकवूनही ठेवलं. घरगुती व्हिडिओसाठीचे संगीताचे हक्क सुटत नव्हते म्हणून १९९६ पर्यंत त्याची अधिकृत कॅसेट निघाली नाही. पंधरा वर्षं तो मध्यरात्रीच्या खेळांमधून, केबलवरून आणि कॉपीवरून केलेल्या कॉपीवरून पसरत राहिला. सिनेमाभोवती जो पंथ जमला तो असा, दुसऱ्याकडून मागून आणलेल्या टेपवर.

शेवटची एक जागा दाखवते, कारण ती पटकन निघून जाते. गोष्टी संपतात, आपण पुन्हा ग्रिमाल्डीच्या घरापाशी येतो, गोळा फुटतो आणि घर उडतं. तिथे थांबवा. ते घर काढलेलं नाही. ते खरोखरचं चित्रीकरण आहे, अख्ख्या सिनेमातला तेवढाच एक न रंगवलेला शॉट. त्यावरूनही रोटोस्कोप करून चित्रं काढायची ठरलं होतं. पण प्रदर्शन ऑक्टोबर-नोव्हेंबरवरून ऑगस्टवर आलं आणि वेळ उरला नाही. मी डेडलाइनच्या आदल्या रात्री लाइट टेबलवर डोकं ठेवून झोपलेली माणसं बघितली आहेत, त्यांतली एक मीही होते. म्हणून त्या दोन सेकंदांत मला ते टेबल दिसतं, शेजारी न उतरवलेल्या फ्रेम्सची चळत. लगेच पुढच्या शॉटमध्ये रेघ परत येते, ती लहान मुलगी जळत्या घरापासून पळत बाहेर येते, आणि समोर तार्नाचा तो पक्षी तिची वाट बघत उभा असतो.